पेट्रोलमध्ये शिसे घालणारा माणूस

गाडी चढावर लागली, गिअर बदलायला उशीर झाला, की इंजिनातून टक् टक् असा आवाज येतो. गॅरेजमध्ये त्याला नॉकिंग म्हणतात. हल्लीच्या गाड्यांत हा आवाज क्वचितच ऐकू येतो. १९१५ च्या सुमारास मात्र त्याने मोटार बनवणाऱ्यांची झोप उडवली होती. तो बंद करण्याचे काम अमेरिकेतल्या एका तरुण इंजिनिअरकडे आले. त्याने ते फत्ते केले आणि त्यापायी पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे जगभरातल्या माणसांच्या रक्तात शिसे भिनत राहिले. त्याचे नाव थॉमस मिजली.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडील स्वतः संशोधक, मोटारींच्या टायरवर त्यांचे काम होते. मुलगा ओहायो राज्यात वाढला आणि १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. रसायनशास्त्राची पदवी त्याने कधीच घेतली नाही. पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद ज्याच्याकडे गेले, त्याच्याबद्दलची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९१६ मध्ये तो डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली कामाला लागला. केटरिंग म्हणजे हँडल न मारता बटणाने मोटार सुरू करणारा सेल्फ-स्टार्टर ज्याने दिला तो. त्याची प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली.

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ भरते, पिस्टन ती दाबतो आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते. ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जावी, अशी अपेक्षा असते. पण ज्योत पुढे सरकताना समोरचे, अजून न पेटलेले मिश्रण आणखी दाबले जाते आणि तापते. इंधन हलके असेल तर ते ज्योत पोहोचण्याआधीच आपणहून भडकते. एकाच वेळी दोन ठिकाणी पेट, दाबाचा एकदम झटका, आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा आवाज. हे फार काळ चालले तर पिस्टन फुटतो. हा त्रास टाळायचा तर मिश्रण कमी दाबावे लागे. त्या काळच्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ते जेमतेम चार-साडेचार पट दाबले जाई. आजच्या साध्या गाडीत दहा-अकरा पट दाबतात. दाब जितका जास्त, तितकी तेवढ्याच पेट्रोलात जास्त ताकद मिळते. म्हणजे नॉकिंग थांबवले तर तेवढ्याच तेलात गाडी जास्त पळेल, हे केटरिंगला स्पष्ट दिसत होते. लोक मात्र या आवाजाचे खापर त्याच्याच विजेच्या प्रज्वलन यंत्रणेवर फोडत होते, त्यामुळे त्याला घाई होती.

मिजलीने आधी सिलिंडरमधल्या दाबाची नोंद घेऊन दाखवून दिले की झटका ठिणगीच्या आधी बसत नाही, नंतर बसतो. दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता. मग सुरू झाला औषधाचा शोध, आणि त्याची सुरुवात फारच गमतीदार आहे. अमेरिकेच्या उत्तर भागात एक रानफूल बर्फ वितळायच्या आतच उमलते, आणि त्याच्या पानांची पाठ लालसर असते. लाल रंग उष्णता शोषतो म्हणून ते लवकर फुलत असावे. तसेच इंधन लाल केले तर ते उष्णता शोषून लवकर वाफ होईल आणि ठोके थांबतील, असा तर्क लढवला गेला. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातले. ठोके खरोखरच कमी झाले! मग मिजलीने बाजारातून मिळतील तेवढे लाल रंग आणून घालून पाहिले, आणि एकही चालला नाही. गुण आयोडीनचा होता, रंगाचा काहीच संबंध नव्हता. चुकीच्या तर्कातून बरोबर वाट सापडल्याची उदाहरणे वैद्यकातही कमी नाहीत.

आयोडीन महाग आणि धातूला खाणारे. १९१९ मध्ये अ‍ॅनिलिन चालते असे दिसले, पण त्याच्या धुराची दुर्गंधी असह्य होती. मग सेलेनियम, टेल्युरियम. टेल्युरियमचा गुण उत्तम, पण ते शरीरात गेले की श्वासातून आणि घामातून लसणासारखा उग्र वास येत राहतो. आंघोळीने तो जात नाही, कारण तो आतून येतो. प्रयोगशाळेतल्या मंडळींजवळ बसायला कोणी तयार होईना. अखेर मिजलीने मूलद्रव्यांच्या तक्त्यावर नीट बोट ठेवून एकेक घराणे तपासायला घेतले आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग इंजिनात घातले. एका गॅलनला साधारण ३ ग्रॅम, बस्स. ठोके पूर्ण बंद.

आता एक गोष्ट इथेच सांगायला हवी. शिशावाचून गत्यंतरच नव्हते, असे नाही. साधे इथाइल अल्कोहोल, म्हणजे मळीपासून किंवा धान्यापासून निघते तेच, पेट्रोलमध्ये मिसळले तरी ठोके थांबतात. हे मिजलीला चांगले ठाऊक होते. त्याने अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी चालवून दाखवली होती आणि अशा मिश्रणाच्या पेटंटसाठी अर्जही केला होता. पण अल्कोहोल दहा-वीस टक्के घालावे लागते आणि ते कोणीही गाळू शकतो. शिशाचा चिमूटभर डोस पुरतो, आणि त्यावर एकट्या कंपनीची मालकी राहते. हिशेब शिशाच्या बाजूने लागला.

शिसे विषारी आहे, हे तेव्हा गुपित नव्हते. रंगारी, छापखान्यातले जुळारी, बॅटरीच्या कारखान्यातले मजूर यांचे पोटाचे मुरडे, लुळे पडलेले मनगट, हिरड्यांवरची निळी रेघ डॉक्टर शतकानुशतके पाहत आले होते. टेट्राएथिल लेड तर त्याहून वेगळे. ते तेलकट द्रव असल्याने कातडीतून सरळ आत शिरते, वाफेने फुप्फुसांतून जाते आणि चरबीत विरघळणारे असल्याने मेंदूत पोहोचते. सुरुवात होते झोप उडण्यापासून, मग भयानक स्वप्ने, भास, थरथर, आणि शेवटी वेड्यासारखी हिंसक अवस्था. १९२२ सालीच अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने याबद्दल विचारणा केली होती. त्याला उत्तर मिजलीनेच दिले: प्रश्नाचा गंभीरपणे विचार झाला आहे, पण प्रयोग केलेले नाहीत, अशा आशयाचे. तोवर तो स्वतःच आजारी पडला होता. १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाल्यामुळे त्याला काम सोडून फ्लोरिडात मोकळ्या हवेत जाऊन राहावे लागले. परत आला आणि त्याच कामाला लागला.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधल्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. नाव ठेवले इथाइल. नावात शिशाचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि हे नाव सुचवणाऱ्याला आपण काय लपवतो आहोत याची कल्पना नसेल, असे मानणे कठीण आहे. त्याच साली इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या या पेट्रोलवर धावल्या, आणि मागणी भडकली. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून इथाइल गॅसोलिन कॉर्पोरेशन काढले. मिजली तिथे वरच्या हुद्द्यावर बसला.

दरम्यान एक तांत्रिक अडचण आली होती. जळालेल्या शिशाची पूड इंजिनाच्या व्हॉल्व्हवर साचत होती. त्यावर मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रोमीनचे एक संयुग सोबत घालण्याचा उपाय काढला. ब्रोमीन शिशाला पकडते आणि ते धुरासोबत एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर पडते. इंजिन स्वच्छ राहिले. शिसे बाहेर रस्त्यावर, नाकाच्या उंचीवर, आणि लहान मुलांच्या तर अगदी तोंडासमोर आले. एका डॉक्टरला ही सगळी हकिकत वाचताना सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा कोणती, तर ही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या तेल शुद्धीकरण कारखान्यात कामगार एकेक करून भ्रमिष्ट झाले. काहींना बांधून ठेवावे लागले. पाच जण दगावले, तिसांहून अधिक रुग्णालयात गेले. डेटनमध्ये दोन मृत्यू आधीच झाले होते, आणि ड्यूपाँटच्या डीपवॉटर कारखान्यातही बळी गेले होते. तिथे कामगारांना हवेत नसलेले किडे उडताना दिसत, म्हणून त्या इमारतीला फुलपाखरांचे घर असे नाव पडले होते. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. न्यूयॉर्क शहरासह काही ठिकाणी विक्रीवर बंदी आली.

३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर उभा राहिला. त्याने टेट्राएथिल लेडने हात धुतले, मग बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला आणि रोज असे केले तरी काही बिघडत नाही, असे सांगितले. ज्याला सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी याच विषाने अंथरुणाला खिळवले होते, त्याने हे केले. त्याला धाडस म्हणावे की बनवेगिरी, हे वाचकाने ठरवावे. वैद्यकीयदृष्ट्या तो पुरावा शून्य किमतीचा होता. जे विष वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने साचते, त्याची परीक्षा एका मिनिटात होत नसते.

२० मे १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. तिथे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन उपस्थित होत्या. हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापकपदी नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. कारखान्यांतून, कामगारांच्या खोल्यांतून हिंडून त्यांनी शिशाच्या विषबाधेचा अभ्यास केला होता. शिसे असलेला उद्योग कितीही काळजी घेतली तरी निर्धोक होत नाही, आणि इथे तर ते कारखान्याबाहेर प्रत्येक रस्त्यावर सोडले जाणार आहे, हा हॅमिल्टनबाईंचा मुद्दा होता. येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनीही असाच इशारा दिला. विक्री काही महिने थांबली. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिने सुमारे सात महिन्यांत २५२ लोक तपासले आणि जानेवारी १९२६ मध्ये बंदी घालण्याजोगे सबळ कारण आढळले नाही, असा अहवाल दिला. वापर वाढेल तसा पुढे अभ्यास करत राहावा, असेही तिने सांगितले होते. तो अभ्यास पुढची चाळीस वर्षे मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर, उद्योगाच्याच डॉक्टरच्या देखरेखीखाली झाला. त्या डॉक्टरचे नाव रॉबर्ट किहो. माणसाच्या रक्तात थोडे शिसे असणे नैसर्गिकच आहे आणि एका मर्यादेखाली ते अपाय करत नाही, हे त्यांचे मत वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शिरले. धोका सिद्ध करण्याची जबाबदारी आजारी पडणाऱ्यावर आली.

पंपावर दिसणारा ऑक्टेनचा आकडाही याच काळातला. १९२६-२७ च्या सुमारास इथाइल कंपनीतल्या ग्रॅहम एडगर या रसायनतज्ज्ञाने इंधनाची फूटपट्टी तयार केली. आयसो-ऑक्टेन हे द्रव्य सहसा ठोकत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन सहज ठोकते, त्याला शून्य. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकाच दाब सोसणारे. इतकेच. ऑक्टेनचा आकडा हे ताकदीचे माप नाही, शुद्धतेचेही नाही. शिशाने हा आकडा स्वस्तात वाढवता येत होता.

मिजली तेवढ्यावर थांबला नाही. त्या काळी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. नळी गळली तर घरातली माणसे मरत. १९२८ मध्ये मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही दिवसांतच फ्रीऑन शोधून काढला. १९३० मध्ये त्याने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू छातीभर ओढून घेतला आणि सोडताना मेणबत्ती विझवली: विषारी नाही, पेटतही नाही. या वेळी त्याचे म्हणणे खरे होते. फ्रीऑनने असंख्य जीव वाचवले. याच जातीचे वायू पुढे दम्याच्या पंपांतही वापरले गेले. तो वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो, हे रोलंड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये सांगितले आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला आवर बसला. यासाठी मिजलीला दोष देणे अन्यायाचे होईल, १९२८ मध्ये हे कोणालाच कळणे शक्य नव्हते. शिशाबाबत ती सवलत त्याला देता येत नाही.

मानसन्मान भरपूर मिळाले. पर्किन पदक, प्रिस्टली पदक, गिब्ज पदक. नावावर शंभरावर पेटंटे. १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. पोलिओ आपल्याला मुलांचा आजार म्हणून ठाऊक आहे, पण लस नव्हती तेव्हा मोठ्या माणसांनाही तो गाठत असे, आणि वय जास्त असेल तर लुळेपणा सहसा तीव्र असे. मिजलीचे पाय गेले. बिछान्यातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक रचना स्वतःच तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्या गळ्याभोवती आवळून त्याचा मृत्यू झाला. वय ५५. ही घटना बहुधा अपघात म्हणून सांगितली जाते. मृत्यूची नोंद मात्र आत्महत्या अशी झाली.

पेट्रोलमधले शिसे त्याच्यानंतरही वाढतच राहिले. पृथ्वीचे वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाला आपल्या प्रयोगशाळेत सगळीकडे शिसे सापडू लागले, तेव्हा कुठे मोठा प्रश्न पुन्हा उघडला. किहो ज्याला नैसर्गिक म्हणत, ते शिसे माणसानेच पसरवलेले आहे, हे पॅटरसनने १९६५ मध्ये मांडले. हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने १९७९ मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले आणि ज्यांच्यात ते जास्त, त्यांची बुद्धी आणि एकाग्रता कमी, असे दाखवले. यातले एकही मूल आजारी म्हणून दवाखान्यात आलेले नव्हते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. गरोदरपणात किंवा पाळी गेल्यावर हाडे झिजतात तेव्हा पुन्हा रक्तात उतरते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसे सुमारे दहावा भाग शोषतात, लहान मुले निम्म्यापर्यंत. निर्धोक अशी कोणतीही पातळी आज मानली जात नाही.

गंमत अशी की शिसे हटायला सुरुवात झाली ती मुलांच्या मेंदूसाठी नव्हे. धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९७५ पासून अमेरिकी गाड्यांत आले आणि शिशामुळे ते निकामी होत, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल लागले. १९७६ ते १९८० या चार वर्षांतच अमेरिकनांच्या रक्तातले सरासरी शिसे दर डेसिलिटरला सुमारे १५ मायक्रोग्रॅमवरून १० च्या खाली उतरले. आज ते १ च्याही खाली आहे. भारतात मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. त्याआधी दादरच्या किंवा स्वारगेटच्या रहदारीत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या हाडांत मिजलीचे शिसे थोडे तरी असणारच. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तिथले २०२१ मध्ये बंद झाले. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांच्या इंधनात अनेक ठिकाणी ते अजून घातले जाते.

आता ऑक्टेन वाढवायला तेल शुद्धीकरणाच्या सुधारलेल्या प्रक्रिया आहेत, आणि मिजलीने बाजूला ठेवलेले अल्कोहोलही आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतले इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. त्याने ऑक्टेन वाढतो, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने मायलेज थोडे घटते, आणि जुन्या गाडीचे रबरी भाग त्याला चालतात का, हे गाडीच्या पुस्तिकेतच पाहायला हवे. पंपावर साधे पेट्रोल बराच काळ किमान ९१ ऑक्टेनचे असे. जास्त पैसे देऊन त्याहून जास्त ऑक्टेनचेही मिळते. पुस्तिकेत ९१ लिहिले असेल तर महाग पेट्रोलाने गाडी जास्त पळत नाही, तिचे आयुष्यही वाढत नाही. जास्त दाबाचे किंवा टर्बो इंजिन असेल आणि कंपनीने ९५ सांगितले असेल, तर मात्र तेच घालावे. कमी घातले तर हल्लीच्या गाडीतला सेन्सर ठोके ओळखून ठिणगी उशिरा टाकतो. आवाज येत नाही, पण ताकद आणि मायलेज दोन्ही कमी होतात.